सूक्ष्म कवचांची ओळख : मध्यजीव महाकल्पातील फोरॅमिनिफेरा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे नाव उच्चारायलाही थोडे जड आहे. परंतु त्यातले काम मात्र आपल्या घरोघरी रोज चालते. ताटात तांदूळ पसरून अम्मी त्यातला खडा, साळ आणि कणी वेगळी काढते, तेव्हा ती निरीक्षण, तुलना आणि वर्गीकरण या तिन्ही गोष्टी करीत असते. सूक्ष्मजीवाश्मांचा अभ्यासक हेच करतो. फरक इतकाच, की त्याचा दाणा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो आणि त्याचे वय कोट्यवधी वर्षांचे असते.

फोरॅमिनिफेरा हे समुद्रात राहणारे एकपेशीय जीव होत. लॅटिन भाषेतील या नावाचा अर्थ ‘छिद्रे धारण करणारे’ असा आहे. काही जाती समुद्राच्या तळाशी राहतात, तर काही वरच्या पाण्यात तरंगतात. हा जीव आपल्याभोवती कवच बांधतो आणि वाढता वाढता त्याला एकेक नवा कप्पा जोडतो. जीव मरतो, कवच तळाच्या गाळात पडते, गाळाचा खडक होतो आणि कवच जीवाश्म म्हणून शिल्लक राहते. चिमूटभर मातीत अशी शेकडो कवचे सापडू शकतात. डायनोसॉरचे हाड मिळायला नशीब लागते. हे जीवाश्म मात्र तेलविहिरीतून वर आलेल्या खडकाच्या लहानशा तुकड्यातही मिळतात. त्यांचे मोल आहे ते यातच.

खडकावरून प्राचीन समुद्राचा माग काढण्याची विद्या जुनी आहे. अल् बिरूनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानविषयी लिहिताना एक गोष्ट नोंदवली आहे. पर्वताजवळ नदीतले धोंडे मोठे असतात, पुढे ते लहान होत जातात आणि मुखाशी नुसती वाळू उरते. त्यावरून त्याने अनुमान काढले, की ही सपाट भूमी एके काळी समुद्र असावी आणि नद्यांच्या गाळाने ती भरून आली असावी. आपण आज पाहणार आहोत तो पुरावा त्या वाळूच्या कणाएवढाच लहान आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खडक मऊ, चिकणमातीचा असेल तर तो वाळवून, भिजवून विरघळवतात आणि बारीक चाळणीवर पाण्याखाली धुतात. चिखल वाहून जातो, कवचे चाळणीवर राहतात. ती सुकवून काळ्या रंगाच्या, चौकटी आखलेल्या ताटलीत पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून दुसऱ्या पट्टीवर ठेवायची. खडक चुनखडीसारखा टणक असेल तर कवच सुटे होत नाही. मग त्या खडकाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप घासून तयार करतात आणि कवचाच्या छेदावरून ओळख पटवतात.

ओळख पटवताना चार प्रश्न क्रमाने विचारावयाचे असतात.

पहिला प्रश्न : भिंत कशाची आहे? काही जीव वाळूचे कण डिंकवल्यासारखे जोडून घर बांधतात. काहींची भिंत चुन्याची, पण चिनी मातीच्या पेल्यासारखी दुधी व अपारदर्शक असते. काहींची भिंत काचेसारखी असून तिला अतिसूक्ष्म छिद्रे असतात.

दुसरा प्रश्न : कप्पे कसे मांडले आहेत? एका सरळ ओळीत असले तर एकपदरी. दोन ओळींत आळीपाळीने असले तर दुपेडी, आणि तीन ओळींत असले तर तिपेडी. वेणी घालणाऱ्या मुलींना हे वेगळे समजावून सांगायला नको. कप्पे गोल फिरत गेले असतील तर पुन्हा दोन प्रकार. चकलीसारखे एकाच पातळीत फिरलेले कवच दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. गोगलगायीच्या शंखासारखे फिरलेले असेल तर एका बाजूने सगळे वेढे दिसतात आणि दुसऱ्या बाजूने फक्त शेवटचा वेढा.

तिसरा प्रश्न : मुख कोठे आहे? शेवटच्या कप्प्याचे तोंड काठाशी आहे, की मधल्या खळग्यात, आणि त्याखेरीज आणखी छिद्रे आहेत काय?

चौथा प्रश्न : नक्षी कोणती? काठावर कंगोरा आहे काय, एक की दोन, पृष्ठभागावर रेघा, गाठी किंवा काटे आहेत काय?

म्हणूनच कवच एकाच बाजूने पाहून नाव देऊ नये असा या शास्त्रातला दंडक आहे. वरून, खालून आणि कडेने अशा तीन बाजूंनी पाहावे आणि तिन्ही आकृत्या काढाव्यात.

वर्गीकरणाचा इतिहासही उद्बोधक आहे. १८२६ साली आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञाने या गटाला नाव दिले. कवचे नॉटिलसच्या शंखासारखी दिसतात, म्हणून त्याने त्यांना नॉटिलस आणि माखली यांच्या वर्गात बसवले. १८३५ साली फेलिक्स दुजार्दँ याने जिवंत नमुने पाहिले आणि हे जीव अगदी साध्या बांधणीचे आहेत हे दाखवले. दॉर्बिन्यीची वर्गवारी कप्प्यांच्या मांडणीवर उभी होती. पुढे अभ्यासकांनी भिंतीच्या घडणीला अग्रमान दिला. आल्फ्रेड लोब्लिक आणि हेलन टॅपन या दांपत्याने १९६४ व १९८७ साली सिद्ध केलेले ग्रंथ त्याच पायावर रचलेले आहेत. अलीकडे जिवंत जातींच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि २०१३ साली मांडलेल्या वर्गीकरणात कप्प्यांच्या आकाराला पुन्हा महत्त्व मिळाले. वाळूची भिंत बांधण्याची रीत वेगवेगळ्या शाखांमध्ये आढळते, असे त्यातून दिसून आले. मध्यजीव महाकल्पातील नामशेष जातींची जनुके मात्र मिळत नाहीत. तेथे डोळा आणि सूक्ष्मदर्शक हेच साधन.

मध्यजीव महाकल्प सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. त्याच्या आरंभीच फ्यूझुलिनिड नावाचा, गव्हाच्या दाण्यासारख्या कवचांचा मोठा गट नाहीसा झालेला होता. ज्युरासिक कल्पातील गाळात मसुरीच्या आकाराची लेंटिक्युलिना आणि तिचे सगेसोयरे विपुल आढळतात. तरंगणारे फोरॅमिनिफेरा याच कल्पात अवतरले. क्रिटेशस कल्पात त्यांची भरभराट झाली. गोल फुगीर कप्प्यांची हेडबर्गेला, दुपेडी हेटेरोहेलिक्स, तिपेडी ग्युंबेलिट्रिया आणि काठाला दोन कंगोरे असलेली देखणी ग्लोबोट्रंकाना ही त्यांतली ठळक नावे. उथळ, उबदार समुद्रात शंकूच्या आकाराची ऑर्बिटोलिना वाढत होती.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. सारखे दिसते ते नात्याचे असतेच असे नाही. रोटालिपोरा आणि ग्लोबोट्रंकानिटा या दोन्ही प्रजातींच्या काठाला एकच कंगोरा असतो. वरून पाहिले तर नवखा विद्यार्थी दोघींना एकच समजेल. परंतु कवच उलटे केले, तर रोटालिपोराच्या खालच्या बाजूस कप्प्यांच्या सांध्यांवर जादा छिद्रे दिसतात आणि तिचे मुख्य मुख खळग्यातून काठाकडे सरकलेले असते. ग्लोबोट्रंकानिटाचे मुख मधल्या खळग्यात असते. रोटालिपोरा सुमारे ९ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी संपली. ग्लोबोट्रंकानिटा तिच्या पुष्कळ नंतर आली. कवच न उलटता नाव दिले, तर खडकाच्या वयात कोटभर वर्षांची चूक होते. तेलविहीर खोदणाऱ्याला ही चूक परवडत नाही.

तेलविहिरींचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेत टेक्सासच्या तेलक्षेत्रात या जीवाश्मांचा उपयोग करून दाखवण्यात एस्थर ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तीन स्त्रिया अग्रभागी होत्या. त्यांचा संयुक्त निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. इतक्या लहान कवचांवरून खडकाचे वय ठरेल, यावर तोपर्यंत अनेक मातब्बरांचा विश्वास नव्हता. इटलीतील गुब्बियो गावाजवळच्या चुनखडीत क्रिटेशसचा अंत कोणत्या थरावर होतो, हे १९६४ साली दाखवणाऱ्या दोघांपैकी एक इझाबेला प्रेमोली सिल्वा या विदुषी होत्या. तेथे खालच्या थरात मोठी ग्लोबोट्रंकाना, वर चिखलाचा पातळ पट्टा आणि त्याच्यावर एकदम इवलीशी, साधी कवचे दिसतात. त्याच पट्ट्यात इरिडियम धातूचे प्रमाण फार जास्त असल्याचे १९८० साली जाहीर झाले आणि अशनीच्या आघाताने डायनोसॉरांचा अंत झाला, ही कल्पना पुढे आली.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय निवडला, तो सांगतो. ट्यूनिशियात अल् कफ नावाचे गाव आहे. तेथे या सीमेचा थर इतका चांगला टिकला आहे, की १९९१ साली साऱ्या जगासाठी प्रमाण ठिकाण म्हणून त्याची निवड झाली. चिकणमातीत गंजासारखा तांबूस, काही मिलिमीटरांचा पट्टा आहे. तोच आघाताचा थर. तेथल्या कवचांवरून दोन नामवंत अभ्यासकांचे दोन निष्कर्ष निघाले. गेर्टा केलर यांचे म्हणणे, की पुष्कळ जाती या थराच्या आधीपासूनच टप्प्याटप्प्याने संपत होत्या आणि काही थरानंतरही जगल्या. यान स्मिट यांचे म्हणणे, की जवळजवळ सगळ्या एकाच वेळी संपल्या. मग खरे काय? रॉबर्ट गिन्सबर्ग यांनी एक तोड काढली. नवे नमुने घेऊन त्यांना केवळ सांकेतिक क्रमांक दिले आणि चार तटस्थ तज्ज्ञांकडे पाठवले. कोणता नमुना थराच्या वरचा आणि कोणता खालचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून ती तपासतात, तसाच हा प्रकार.

निकाल १९९७ साली छापून आला आणि दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाल्याचे म्हटले! प्रत्येक तज्ज्ञाची यादी वेगळी वाचली तर थरापूर्वीच काही जाती गळालेल्या दिसत. चौघांच्या याद्या एकत्र केल्या तर एकाला न मिळालेली जात दुसऱ्याला मिळालेली दिसे. शिवाय चौघांनी दिलेली नावेही सर्वत्र जुळली नाहीत.

याचे कारण समजण्यासारखे आहे. आठवड्याच्या बाजारात भाजीवाले रोज दिसतात. सुया-पोत विकणारा एखादाच असतो. तो शेवटी बाजारात होता काय, असे विचारले तर चौघे चार उत्तरे देतील. दुर्मिळ जातीचे शेवटचे कवच आपल्या हाती लागेलच असे नाही. म्हणून ती प्रत्यक्षात संपली त्याच्या आधीच संपल्यासारखी वाटते. सिग्नर आणि लिप्स यांनी १९८२ साली ही गोष्ट दाखवून दिली. उलट, जुन्या थरातील कवच उकरले जाऊन नव्या गाळात पुन्हा पुरले गेले, तर मेलेली जात जिवंत असल्याचा भास होतो. आज बहुसंख्य शास्त्रज्ञ सीमेवर अचानक मोठा संहार झाला असे मानतात. ज्वालामुखींनी समुद्रावर आधीच किती ताण आणला होता, हा वाद मात्र चालू आहे.

आणि हे ज्वालामुखी कोणते? आपल्याच पायाखालचे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे त्याच काळातला लाव्हा. हा लाव्हा वाहत पूर्वेकडे आंध्रातील राजमहेंद्रीपर्यंत गेला. तेथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये सागरी गाळ आहे. त्या गाळात संहारानंतर लगेचच्या काळातील इवली कवचे सापडली, असे केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. म्हणजे खालचा लाव्हा सीमेच्या सुमारास किंवा आधी, आणि वरचा त्यानंतर. दख्खनच्या पाषाणाची वेळ सांगायला वाळूच्या कणाएवढी कवचे साक्षीला आली!

विद्यार्थी मित्रांनो, यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. नावे पाठ करून हा विषय येत नाही. तो पाहून, चितारून आणि पुन्हा पाहून येतो. प्रथम जे दिसले ते लिहावे, मत मागाहून द्यावे. अल् कफच्या चौघांनी नमुन्यांची जागा ठाऊक नसताना काम केले, ते अशासाठी, की आपल्याला जे हवे तेच दिसण्याचा मोह थोरामोठ्यांनाही असतो. प्रयोगवहीत शेजाऱ्याची आकृती उतरवून घेणारा विद्यार्थी पास होईल, परंतु कवच उलटे करून पाहण्याची सवय त्याला कधी लागणार नाही.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाने किंवा मुलीने ओढ्यातला दगड, समुद्रकाठची वाळू घरी आणली तर ती कचरा म्हणून फेकू नका. पाच मिनिटे तिच्याशेजारी बसून विचारा, की यात तुला काय दिसते? भूविज्ञानात मुलींना जागा नाही असे कोणी म्हणाले, तर वर घेतलेली नावे त्यांना सांगा. आणि शाळेच्या चालकांना विनंती, की एक चांगला सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपाखाली ठेवण्याऐवजी मुलांच्या हाती द्यावा. एखादी काच फुटेल, तेवढी फुटू द्यावी.