प्रश्न एक, विचारणारे अनेक



या व्यासपीठावरून आपण थोर विषय ऐकले आहेत. माझा विषय साधा आहे. एकाने विचारलेला आणि उत्तर मिळालेला प्रश्न दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून का विचारावा? हा विषय मी ग्रंथांतून शिकलो नाही. कामगार संघटनेच्या कचेरीत बसून शिकलो.

बांधकाम मजुराचेच उदाहरण घ्या. कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवायचे, तर मागील बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. हा दाखला द्यायचा कोणी, असे नांदेडच्या नाक्यावरचा मजूर विचारतो, लातूरचा गवंडी विचारतो, देगलूरची डोक्यावर पाट्या वाहणारी बाई विचारते. प्रत्येकाचा एकेक रोज बुडतो. नांदेडला मिळालेले उत्तर लातूरला ठाऊक नसते, आणि लातूरच्या कार्यकर्त्याने महिनाभर खेटे घालून मिळविलेले उत्तर त्याच्या खिशातच राहते. संघटनांमध्ये एक खोड असते. माहिती म्हणजे आपले भांडवल, ते शेजारच्या संघटनेला का द्यावे! सावकारीचा हा प्रकार लाल बावट्याखाली चालतो, तेव्हा मला अधिकच खटकतो.

सरकारदरबारी याचा विचार झालेला नाही असे मात्र नाही. 12 ऑक्टोबर 2005 रोजी अंमलात आलेला माहितीचा अधिकार कायदा आपण ओळखतो तो अर्जाचा कायदा म्हणून. दहा रुपये भरावेत, तीस दिवस वाट पाहावी. परंतु त्याचे कलम 4 वाचा. कार्यालयाने सतरा प्रकारची माहिती न मागता प्रसिद्ध करावी, आणि लोकांवर अर्ज करण्याची पाळीच कमीत कमी यावी, असा त्याचा रोख आहे. म्हणजे अर्ज हा शेवटचा मार्ग. पहिला मार्ग उघड्या फलकाचा. पुढे 15 एप्रिल 2013 रोजी केंद्राच्या कार्मिक खात्याने आणखी एक पाऊल टाकले: आलेले अर्ज आणि त्यांना दिलेली उत्तरेही, खासगी बाबी वगळून, सर्वांना पाहता व शोधता येतील अशी ठेवावीत, असे सुचविले. एकाच्या दहा रुपयांत शंभरांचे काम व्हावे, हाच त्याचा अर्थ. कलम 6 मध्ये तर अर्ज चुकीच्या दारी गेला, तर त्या कार्यालयानेच तो पाच दिवसांच्या आत योग्य दारी पोचवावा अशी तरतूद आहे. माणसाला परत पाठवू नका, कागद पुढे पाठवा! ही तरतूद मला फार आवडते. प्रत्यक्षात ती किती पाळली जाते, हे आपण जाणताच.

लोकसभेच्या नियमांतही, ज्याचे उत्तर आधी दिले गेले आहे तो प्रश्न पुन्हा विचारू नये, असे बंधन आहे. पण अनेक सभासदांनी एकाच वेळी एकच प्रश्न दिला, तर इतरांची नावे खोडीत नाहीत. एका प्रश्नाखाली ती एकत्र छापतात. आपल्या विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या यादीतही एकेका प्रश्नावर नावांची रांग दिसेल. प्रश्न एक झाला, विचारणारे मात्र मोजले गेले. आम्ही कामगार चळवळीतल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ‘हे मागेच सांगितले आहे’ असे म्हणून एखाद्या मजुराला परत लावले, तर वही स्वच्छ राहते खरी. पण चाळीस माणसे एकाच जागी ठेचाळत आहेत ही मोठी गोष्ट तिच्यातून नाहीशी होते. ठेच चाळिसांना लागते तेव्हा दोष पायांचा नसून रस्त्याचा असतो.

उलटही धोका आहे. अहमदपूरचा मजूर सहा महिने पुण्यात इमारतीवर राबून गावी परततो आणि तोच प्रश्न विचारतो: दाखला कोण देणार? शब्द तेच, मर्म वेगळे. घर एका जिल्ह्यात, काम दुसऱ्यात, आणि ठेकेदार फोन उचलीत नाही. त्याच्या हाती नांदेडच्या नाक्याचे उत्तर ठेवणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला पाजणे होय. म्हणून शब्द जुळले की प्रश्न जुळला असे मानू नये. काम कोठे झाले, कोणाकडे झाले, केव्हा झाले, हे तीन प्रश्न आपण उलट विचारावेत, आणि मगच जुनी नोंद दाखवावी.

तेव्हा नांदेड आणि लातूर येथील संघटनांनी मिळून एक प्रश्नवही ठेवावी, असे मी सुचवितो. बांधकाम, वीटभट्टी, हमाल, घरकामगार, सर्वांची एकच. प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक. तोच प्रश्न निराळ्या शब्दांत आला, तर तेही शब्द त्याच क्रमांकाखाली लिहावेत, कारण पुढचा माणूस कोणत्या शब्दांनी विचारील हे आपल्या हाती नसते. कोणी ‘दाखला’ म्हणेल, कोणी ‘नव्वद दिवसांचा कागद’. आणि उत्तराखाली तारीख हवीच. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्या दिवसाआधीचे प्रत्येक उत्तर पुन्हा तपासून घ्यावे लागते. बिनतारखेचे जुने उत्तर हे उत्तर नसण्यापेक्षा वाईट. मजूर त्यावर विसंबून एसटीचे तिकीट काढतो.

वही मोबाईलवर ठेवायची की कागदावर, हे तरुणांनी ठरवावे. माझा आग्रह दोन्हींचा आहे, कारण नाक्यावर सर्वांनाच वाचता येते असे नाही आणि तेथे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे लागते. दर महिन्याच्या अखेरीस ज्या क्रमांकाखाली सर्वांत जास्त नावे असतील तो प्रश्न, नावांच्या संख्येसह, दोन्ही जिल्ह्यांच्या कामगार अधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.