गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

कुत्रा ‘अचानक’ चावला असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरं नसतं. त्याआधी त्यानं तोंड फिरवलेलं असतं, ओठ चाटलेले असतात, झोप नसताना जांभई दिलेली असते, अंग ताठ केलेलं असतं आणि शेवटी तो गुरगुरलेला असतो. शेपटी हलतेय म्हणजे लाडात आलाय, हाही गैरसमजच. ताठ अंगाच्या कुत्र्याची उंच, थरथरती शेपटी तणावाची खूण असते. पण घरचा कुत्रा गुरगुरला की आपण चप्पल उगारतो! अशानं त्याची भीती जात नाही, फक्त आवाज जातो. मग पुढच्या वेळी तो थेट चावतो.

परक्या घरी आपण कडी वाजवतो, उंबरठ्यावर थांबतो, आतून ‘या’ आलं की पाऊल टाकतो. कुत्र्याभोवतीची जागा त्याचं घरच समजा. जेवणारा, झोपलेला, दुखणाईत कुत्रा, पिलांजवळची कुत्री, यांचं दार बंद असतं. एरवी मालकाला विचारा, अंग तिरपं करून उभे राहा, नजर रोखू नका, त्याला हुंगायला येऊ द्या. आला तर हात डोक्यावरून नको, छातीशी न्या. आतून ‘थांबा’ आलं, म्हणजे तो गुरगुरला, तर परत फिरा. पुन्हा सांगतो, त्या आवाजाला शिक्षा करू नका. लहान मुलं उंबरठा न पाहता गळ्यात पडतात, म्हणून त्यांच्या जखमा चेहऱ्यावर, मानेवर होतात.

कोणी म्हणेल, भटक्या कुत्र्यांपुढे हे शिष्टाचार कशाला, नगरपालिकेनं बंदोबस्त करावा. करावाच, प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांचीच जबाबदारी आहे. पण तोवर मूल त्याच गल्लीतून शाळेत जाणार. त्याला सांगा, पळू नको, हात अंगाशी धरून स्तब्ध उभा राहा. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पिसाळलेला कुत्रा इशारा न देताही चावतो. खरं आहे. रेबीजमध्ये ही सगळी भाषाच मोडते. लाळ गळणाऱ्या, अडखळत चालणाऱ्या कुत्र्यापासून लांबच राहा. या रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तरी जखमेवर हळद, मिरची, चुना लावणारे आजही आहेत. नको! वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून 15 मिनिटं, आणि लगेच दवाखाना गाठा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. त्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारा.