विरघळलं म्हणजे संपलं नव्हे

फवारणी झाली की पंप धुवायचं काम बऱ्याच घरांत बाईकडेच येतं. सोयीची जागा म्हणजे ओढा, नाहीतर विहिरीचा काठ. आज त्या धुवणाच्या पाण्याबद्दल बोलूया.

द्राक्ष, टोमॅटोवर रोग येऊ नये म्हणून आपण मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण किंवा तांब्याची इतर बुरशीनाशकं मारतो. आता तांब्याची नॅनो औषधंही तयार होत आहेत. नॅनो म्हणजे इतका बारीक कण, की केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीनं बसतील.

खडीसाखर हळू विरघळते, पिठीसाखर लगेच. तसंच बारीक कणातून तांबं लवकर सुटतं. पाणी आम्लधर्मी असेल तर आणखी लवकर. क्षारांच्या जड पाण्यात ते कमी विरघळतं. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. विरघळलेलं तांबंही कुजलेल्या पाल्याला, मातीला धरून बरंचसं गाळातच जातं. काही औषधं ऊन आणि जिवाणूंमुळे मोडून जातात. तांबं हा धातू आहे. तो रूप बदलतो, पण नाहीसा होत नाही. पुरानं गाळ ढवळला की त्यातलं थोडं पुन्हा पाण्यात येऊ शकतं. उन्हाळ्यात तलावाचा गाळ शेतात टाकला, तर तेही सोबत येतं.

तुम्ही म्हणाल, "ताई, तांब्याच्या हंड्यातलं पाणी तर आपण पितो!" खरं आहे. माणसाला थोडं तांबं लागतंच. पण पिण्याच्या पाण्यासाठीही आपल्या देशात मर्यादा आहे: लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. मासा तर कल्ल्यांनी पाण्यातूनच श्वास घेतो. माणसाला चालेल एवढ्या तांब्यानंही मासे आणि त्यांच्या पिल्लांचं खाद्य असलेले बारीक जीव मरू शकतात. तळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्या गटांनी हे ध्यानात ठेवावं.

मग करायचं काय? औषध लेबलवर लिहिलंय तेवढंच घ्या. पाऊस येणार असेल तर फवारणी पुढे ढकला. पंप ओढ्यात, विहिरीवर धुऊ नका. रानातच धुवा आणि ते पाणी त्याच पिकावर मारा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. बांधावर पाण्याच्या कडेला गवताचा पट्टा राखा.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एवढंच ठरवा: आपल्या गावात पंप कुठे धुवायचा. आणि हा निर्णय घरच्या पुरुषांनाही सांगा.