पगार मुलीच्या हातात

मलेशियातला मलय समाज कसा बदलला, याची चर्चा बहुधा धर्मापासून सुरू होते. मी कारखान्यापासून सुरुवात करतो.

मे १९६९ मध्ये क्वालालंपूरला मलय आणि चिनी लोकांत भीषण दंगल झाली. त्यानंतर १९७१ मध्ये सरकारनं नवं आर्थिक धोरण आणलं. भातशेती आणि मासेमारीवर जगणाऱ्या मलयांना शहरात, उद्योगात, शिक्षणात शिरकाव मिळावा, हा त्यामागचा एक हेतू. पुढच्याच वर्षी पिनांगमध्ये बायान लेपासला इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने येऊ लागले. त्यांना स्वस्तात राबणारे हात हवे होते. खेड्यांतल्या तरुण मुली आल्या आणि रात्रपाळीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या.

गावानं त्यांचा पगार घेतला आणि वर त्यांनाच नावं ठेवली. शहरात एकटी राहते, लिपस्टिक लावते, म्हणजे बिघडलेलीच! कारखान्यातही सुख नव्हतं. एखादी मुलगी भूत दिसलं म्हणून किंचाळे, आणि पाठोपाठ कितीतरी जणींच्या अंगात येई. मग साहेब लोक मांत्रिकाला बोलावून बोकडाचा बळी देत. ऐहवा ओंग या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात या किंचाळण्यात कामाच्या जाचाविरुद्धचा निषेध ऐकला. मला ते पटतं.

त्याच काळात इस्लामी प्रबोधनाची लाट आली, आणि डोक्यावरचा रुमाल सर्रास दिसू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला तो माघारीसारखा वाटतो. पण रुमाल बांधून याच मुली ऑफिसात, बँकेत, कॉलेजात गेल्या. आज तिथल्या सरकारी विद्यापीठांत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत.

लग्नंही बदलली. पूर्वी लग्नघरी सारं गाव राबायला येई. बायका मसाले वाटत, पुरुष मोठाल्या कढयांत मांस शिजवत. आता शहरात हॉल आणि केटरर. याची हळहळ तिथले वडीलधारे करतात. करोत बापडे, नोकरी करणाऱ्याला शेजाऱ्याच्या लग्नासाठी तीन दिवस रजा कोण देणार?

कायद्याची चाल मात्र संथ आहे. क्वालालंपूरला लागू असलेल्या १९८४ च्या इस्लामी कुटुंब कायद्यानुसार, नवऱ्याची रास्त इच्छा विनाकारण डावलणाऱ्या बायकोला पोटगीचा हक्क गमवावा लागू शकतो. ती नवऱ्यापेक्षा जास्त कमावत असली, तरीही.