अंबाजोगाई, पायी



जपानात क्योतो नावाचं जुन्या राजधानीचं शहर आहे. तिथं एका कालव्याच्या कडेनं जेमतेम दोन किलोमीटरची पायवाट जाते. काठावर चेरीची झाडं, अधूनमधून देवळं, आणि एका टोकाला गिंकाकुजी हे बौद्ध मंदिर. निशिदा कितारो नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक चिंतन करत या वाटेनं चालायचे, म्हणून तिचं नाव पडलं ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’. लोक आसपासच्या हॉटेलांत उतरतात, सकाळी चहा घेऊन बाहेर पडतात आणि दिवसभर देवळं, बागा बघत हिंडतात. गाडी लागत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातही अशी एक वाट आहे. तिच्यावर तत्त्वज्ञ एक नाही, दोन आहेत, आणि त्यातला पहिला आठशे वर्षांपूर्वीचा. अडचण एवढीच, की ती वाट कुणी सलग चालत नाही.

अंबाजोगाईला बाहेरगावचा माणूस येतो कसा? परळीला रेल्वेतून उतरतो, वैजनाथाचं दर्शन घेतो, जीप ठरवतो. पंचवीसेक किलोमीटर गेलं, की योगेश्वरीच्या दारात. ओटी भरायची, तांबुलाचा प्रसाद तोंडात टाकायचा आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय म्हणून पळत सुटायचं. माझं सांगणं असं, की एक रात्र मुक्काम करा. भक्तनिवास आहे, लॉज आहेत. जीप परत पाठवून द्या.

पहाटे देवळात गेलात तर कोकणातली मंडळी भेटतीलच. योगेश्वरी ही पुष्कळ कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. समुद्राकाठच्या माणसांची देवी बालाघाटाच्या डोंगरावर कशी, याची एक आख्यायिका आहे. परशुरामानं कोकणात वसवलेल्या तरुणांना बायका मिळेनात, तेव्हा त्यानं अंबाजोगाईकडच्या मुली करून दिल्या. मुली जाताना माहेरची देवी सोबत घेऊन गेल्या. मार्गशीर्षात शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत देवीचं नवरात्र असतं, तेव्हा या माहेराला भरती येते. त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील, हे आधीच सांगून ठेवतो.

गंमत अशी, की लेकींबरोबर सासरी गेलेली ही देवी स्वतः कुमारिका. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. ते दगडी वऱ्हाड बघायला चालतच जाता येतं. जयंती नदीच्या काठी खडकात कोरलेली शिवलेणी आहेत. त्यांना लोक हत्तीखाना म्हणतात, जोगाईचा मांडवही म्हणतात. अंगणात पूर्ण उंचीचे दगडी हत्ती उभे आहेत, नंदीचा मंडप आहे, आणि आत 32 खांबांचं प्रशस्त दालन. लेणी कोरणाऱ्यांच्या मनात शंकर होता. गावानं त्यात लग्नाचा मांडव पाहिला. उन्हाळ्यात भर दुपारी या दालनात जाऊन बसा. बाहेर मराठवाड्याचं ऊन आणि आत गार खडक, उठवत नाही. हत्तींची झीज आणि आसपासची अस्वच्छता पाहून मन खट्टू होतं, तेही सांगायला हवं.

तिथून खोलेश्वराच्या देवळाकडे या. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. जातीनं ब्राह्मण, पण आयुष्य गेलं मोहिमांमध्ये. अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचं आम्रपूर, हे त्याचं ठाणं. त्याचा मुलगा राम हाही सेनापती झाला, गुजरातच्या स्वारीवर गेला आणि नर्मदेच्या बाजूला लढाईत पडला. गावातला शके 1162 चा, म्हणजे इसवी सन 1240 चा संस्कृत शिलालेख सांगतो, की खोलेश्वराच्या मुलीनं, लक्ष्मीनं, या भावाच्या नावानं रामनारायणाचं देऊळ उभारलं. सेनापतींचे पराक्रम शिलालेखांत भरपूर सापडतात. मेलेल्या भावासाठी देऊळ बांधणारी बहीण क्वचित सापडते. पाट्यांवर, शाळेच्या नावात, सगळीकडे खोलेश्वर आहे. लक्ष्मीचं नाव मात्र त्या दगडापुरतंच राहिलं. गावातल्या एखाद्या रस्त्याला ते द्यायला काय हरकत आहे?

सकलेश्वराचं देऊळही त्याच काळातलं, 1228 च्या शिलालेखाचं. लोक त्याला बाराखांबी म्हणतात. अलीकडेच राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं तिथं खोदकाम केलं, तर त्याच आवारात जमिनीखाली आणखी देवळांचे पाये निघाले. आपण ज्या मातीवरून चालतो तिच्याखाली काय काय असेल, हे इथं नुसतं म्हणायचं वाक्य राहत नाही.

आता जुन्या गल्ल्यांत शिरू. थोरलं देवघर आणि धाकटं देवघर ही दासोपंतांच्या वंशजांची ठिकाणं. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. वडील नारायणपेठचे देशपांडे. सरकारसारा थकला म्हणून बीदरच्या बादशहानं मुलाला ओलीस ठेवून घेतलं. मुदतीत पैसे आले नाहीत तर धर्म बदलावा लागेल, अशी अट. मुदत संपत आली तेव्हा दत्ताजी पाडेवार असं नाव सांगणारा एक माणूस दरबारात आला, रक्कम मोजली आणि निघून गेला. तो साक्षात दत्त होता, असं भक्त मानतात. थकबाकीपायी घरदार कसं पणाला लागतं, हे बीड जिल्ह्याला वेगळं समजावून सांगायला नको.

हा मुलगा पुढं घर सोडून निघाला आणि शेवटी अंबाजोगाईला स्थिरावला. लिहायला बसला तो थांबेचना. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्याला लागे, असं सांगतात. एकट्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजारांची, म्हणजे हिशेब करा! खरं बोलायचं तर ‘गीतार्णव’ अथपासून इतिपर्यंत वाचणारा आज शोधावा लागेल. पण दासोपंतांनी आणखी एक काम करून ठेवलं, त्याला तोड नाही. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं. हीच दासोपंतांची पासोडी. पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यातून हे दिसणारं जग कसं तयार होतं, हा वेदान्तातला किचकट विषय. तो त्यांनी ओव्यांबरोबर आकृत्या काढून मांडला. शाळेत भिंतीवर तक्ता टांगतात ना, तसाच, फक्त चारशे वर्षांपूर्वीचा आणि गावाच्या वेशीइतका लांब. अंगावर पांघरायच्या वस्त्रावर ब्रह्मज्ञान लिहावं, ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस नुसता विद्वान नव्हता. कापड आता फार जीर्ण आहे. ते कुणाचं तरी घरचं दैवत आहे, हे लक्षात ठेवून आधी विचारावं, मग जावं. दासोपंतांची समाधी नृसिंहतीर्थावर आहे, तिथं जायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

मधे थोडं अलीकडच्या काळात येऊ. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं घोडदळाची छावणी होती. त्याच गावात 1935 साली स्वामी रामानंद तीर्थ शाळा चालवायला आले. तीनच वर्षांत ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि पुढचा हैदराबाद मुक्तिसंग्राम आपल्याला ठाऊक आहे. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे.

क्योतोसारख्या बागा कुठं आहेत, असं कुणी विचारील. तशा नाहीत. पण दिवाळीच्या मागंपुढं आलात तर बालाघाटाची सीताफळं टोपल्यांतून बाजारात येतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. टोपली शेजारी ठेवून खाल्लं, की बागेची आठवण राहत नाही.

शेवटचा टप्पा लांबचा, गावाबाहेर डोंगराच्या कड्याशी. सोबत पाणी घ्या, उन्हं उतरल्यावर निघा, पण अंधाराच्या आत परता. ही मुकुंदराजांची समाधी. त्यांचा ‘विवेकसिंधू’ हा ग्रंथ शके 1110 चा, म्हणजे 1188 चा मानतात. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच्यामागची कथा अशी, की जैत्रपाळ राजाला ब्रह्म बघायचं होतं, तेही रिकिबीत एक पाय ठेवून दुसरा पाय टाकेपर्यंत. ज्यांना जमलं नाही त्या साधूंना त्यानं कैदेत टाकलं. मुकुंदराजांनी त्याची हौस पुरवली आणि बाकीच्यांची सुटका केली. म्हणजे दर्शन घोड्यावर चढता चढता उरकायची घाई जीप यायच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

विदर्भातले श्रोते आता अस्वस्थ झाले असतील. मुकुंदराजांचं गाव आंबानगर म्हणजे वैनगंगेकाठचं आंभोरा, अंबाजोगाई नव्हे, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यांच्याही बाजूनं अभ्यासकांनी पुरावे मांडले आहेत. वाद जुना आहे, रेडिओवरच्या दहा मिनिटांत मिटणारा नाही. आंभोऱ्याच्या मंडळींनी अंबाजोगाईला एक मुक्काम करावा. समाधीपर्यंतचा रस्ता लांब आहे, भांडायला पुरेसा वेळ मिळेल.