धीर धरणें आणि धीर देणें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पनवेल येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं आनंदाचे चार शब्द बोलावे असा प्रघात आहे, आणि आपण येथें आनंदासाठींच जमलों आहों. तथापि आज आम्हांस ज्या विषयावर बोलावेसें वाटतें तो विषय दुःखाचा आहे. याचें कारण असें कीं, कोणत्याही धर्मग्रामाचा इतिहास केवळ पायाभरणीचा व घंटेच्या आशीर्वादाचा नसतो. आज ज्या बांकांवर आपण बसलों आहों, त्यांवर बसून किती जणांनीं आसवें पुसलीं, याची नोंद कोणत्याही वहींत नाहीं. कोणी वसईहून, कोणी गोमंतकांतून, कोणी नगर भागांतून पोटासाठीं या पनवेलांत आलेले आपण. कोणाच्या घरीं वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेली माता आहे, कोणाचा कर्ता मुलगा व्यसनांत सांपडला आहे, कोणाची नोकरी गेली आहे. आणि २०२० व २०२१ सालच्या महामारींत तर कित्येकांस आपल्या माणसाचें शेवटचें दर्शनही घडलें नाहीं.

अशा घरीं आपण भेटावयास जातों, तेव्हां आपल्या तोंडून सहज एक वाक्य निघतें : ‘धीर धरा.’ आज त्या वाक्याचाच थोडा विचार करूं.

आपल्या मराठी भाषेंत माणूस धीर धरतो, तसाच धीर देतोही. जी वस्तु धरावयाची ती कोणाकडून तरी हातीं यावी लागते. भुकेलेल्यास आपण ‘ही भाकर धर’ असें म्हणतों तेव्हां आपल्या हातांत भाकर असते. रिकाम्या हातानें ‘धर’ म्हणणें ही थट्टा होय. परंतु ‘धीर धरा’ असें म्हणतांना आपला हात पुष्कळदां रिकामाच असतो, आणि आपणांस त्याची जाणीवही नसते.

संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत एक सांखळी सांगितली आहे. क्लेशांतून धीर उत्पन्न होतो, धीरांतून कसोटीस उतरलेलें शील, आणि शीलांतून आशा. ही सांखळी आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा शेवटचा दुवा आपण विसरतों. ही आशा फसवीत नाहीं. कां, तर पवित्र आत्म्याच्या द्वारें देवाची प्रीति आपल्या अंतःकरणांत ओतली गेली आहे, असें प्रेषित पुढें सांगतो. म्हणजे नुसत्या दुःखानें धीर येत नाहीं. दुःख ही केवळ आंच आहे. आंचेनें मडकें पक्कें होतें, तसेंच तें तडकतेंही. एकाच प्रकारच्या दुःखानें एक माणूस मऊ होतो व दुसरा कडू होतो, हें आपण रोज पाहतों. अंतर पडतें तें प्रीतीमुळें. आणि देवाची प्रीति बहुधा माणसाच्या हातानेंच माणसापर्यंत पोंचते.

ईयोबाचें उदाहरण घ्या. सहनशीलतेचा आदर्श म्हणून आपण त्याचें नांव घेतों. पण त्याचा ग्रंथ उघडून पाहिला तर हा सहनशील पुरुष मुकाट्यानें बसलेला दिसत नाहीं. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, रडतो. तरीही तो देवाकडे पाठ फिरवीत नाहीं. जें बोलावयाचें तें देवाशींच बोलतो. त्याचे तीन मित्र आले, आणि सात दिवस व सात रात्रीं एक शब्दही न बोलतां त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. पुढें त्यांनीं तोंड उघडलें, ‘तुझ्याच पापाचें हें फळ’ असें समजावूं लागले, आणि मित्राचा होता तो धीरही हिरावून बसले. शेवटीं देवाचा कोप झाला तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर उपदेश करणाऱ्या त्या मित्रांवर. आपण समाचाराला जातों तेव्हां ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां आपल्याच कोंकण किनाऱ्यावरचें उदाहरण घेऊं. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ ते शिकले, आणि तरुणपणींच त्यांच्याबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनीं कित्येक वर्षें धर्मशिक्षकाची सेवा केली. त्या संघांत आपणांस प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा. ती पुरी झाली नाहीं. ते बाहेर पडले, व्यापार करूं लागले, त्यांत त्यांस यशही आलें. परंतु अंतरींची हांक शांत झाली नाहीं. पुढें फिलिपाईन्समधील मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस स्वीकारलें, तेंही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधु म्हणून. १५९३ सालीं आपल्या वरिष्ठांचा दुभाषी होऊन ते पुन्हां जपानांत गेले. व्यर्थ गेलीं असें वाटणारीं तीं पूर्वींचीं वर्षें आणि ती कष्टानें शिकलेली भाषा आतां कामीं आली. हुतात्म्याचा धीर त्यांस एका दिवसांत प्राप्त झाला नाहीं. नकार पचवून सेवा चालूं ठेवण्यांत तो अगोदरच वाढत होता.

१५९६ च्या डिसेंबरांत त्यांस व त्यांच्या सोबत्यांस अटक झाली. क्योतो येथें त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, आणि भर थंडींत सुमारें महिनाभर त्यांस नागासाकीकडे नेण्यांत आलें. तेथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रूसावर बांधून भाल्यांनीं ठार करण्यांत आलें. त्यांत फ्रान्सिस्कन होते, येशूसंघाचे होते, आणि बहुतेक तर तेथील साधे संसारी ख्रिस्ती व कांहीं कोंवळीं मुलें होतीं.

या सव्विसांतील दोघांची हकीकत फारशी सांगितली जात नाहीं. मुळांत शिक्षा झाली होती ती चोवीस जणांस. वाटेनें बंद्यांस अन्नपाणी मिळावें, त्यांस कोणाचा तरी आधार वाटावा, म्हणून पीटर व फ्रान्सिस हे दोन जपानी ख्रिस्ती त्यांच्याबरोबर चालत होते. पहारेकऱ्यांनीं त्यांसही पकडलें आणि चोविसांचे सव्वीस झाले. ते धीर द्यावयास गेले होते. तोच धीर त्यांस स्वतःच्या क्रूसावर पुरला. १६२७ सालीं ख्रिस्तसभेनें या हुतात्म्यांस धन्य म्हटलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. ज्यांस शिक्षा झाली होती ते आणि जे त्यांची सेवा करावयास गेले होते ते, दोहोंच्या माथ्यावर एकच मुकुट आहे.

वसईहून आतां आपल्या तालुक्यांत येऊं. तळोजें येथील कारागृह पनवेल तालुक्यांतच आहे. येशूसंघाचे फादर स्टॅन स्वामी यांस ८ ऑक्टोबर २०२० रोजीं रांची येथें अटक होऊन पुढें या कारागृहांत ठेवण्यांत आलें. वय त्र्याऐंशी वर्षांचें. कंपवातानें हात इतके थरथरत कीं पेला ओंठांशीं नेतां येईना. नळीनें पाणी पितां यावें एवढ्यासाठीं त्यांस न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. आरोप त्यांनीं नाकारले होते. खटला उभा राहण्यापूर्वींच ५ जुलै २०२१ रोजीं, वांद्रें येथील होली फॅमिली रुग्णालयांत त्यांचें निधन झालें. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु कारागृहांतून त्यांनीं मित्रांस जें कळविलें तें आपण ऐकावें. आपणांस कोण जेवूं घालतो, कोण स्नानास मदत करतो, कोण कपडे धुतो, दुखरे गुडघे कोण चोळतो, हें त्यांनीं कृतज्ञतेनें लिहिलें. आणि आपल्या कोठडींतील गरीब सोबत्यांसाठीं प्रार्थना करा, असें मागणें केलें. यांत कोणीं कोणास धीर दिला? थरथरत्या हातांच्या वृद्धास बंद्यांनीं दिला, कीं बंद्यांस त्या वृद्धानें? आम्हांस वाटतें, दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडत होत्या. आणि हें घडत होतें तें आपल्या या देवळापासून फार दूर नव्हे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. सहनशीलता म्हणजे अन्यायापुढें मौन नव्हे. संत पौलानें कैसराकडे दाद मागितली. आमच्या प्रभूला शिपायानें चपराक मारली तेव्हां, ‘मी योग्य बोललों असें असतां मला कां मारतोस,’ अशा अर्थाचा प्रश्न त्यानें विचारला. म्हणून नवऱ्याचा मार खाणाऱ्या भगिनीस ‘हा तुझा क्रूस आहे, सोस’ असें जो सांगतो, तो क्रूसाचा अपमान करतो. जिचें मन आजारानें खचलें आहे तिला वैद्याकडे न नेतां ‘श्रद्धा कमी पडली’ असें म्हणणें, हें ईयोबाच्या मित्रांचेंच पाप आहे. जें दुःख दूर करतां येतें तें दूर करणें हा पहिला धर्म. जें दूर करतां येत नाहीं तें मिळून वाहणें हा दुसरा.

पनवेलजवळ नेरे येथील शांतिवन आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं तें उभें राहिलें. रोगानें बोटें आपोआप झडतात, असा लोकांचा समज असे. वस्तुतः या रोगानें मज्जातंतु बधिर होतात. तापलेलें भांडें धरलें तरी चटका कळत नाहीं, पायांत कांटा मोडला तरी कळत नाहीं, जखम चिघळते आणि अवयव जातो. हा रोग आज औषधानें पूर्ण बरा होतो. परंतु त्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शरीराचा नाश वेदनेनें होत नाहीं, तर वेदना न कळण्यानें होतो. आपला धर्मग्राम हें ख्रिस्ताचें शरीर आहे. एक अवयव दुखला तर सर्वांस दुखावें, असें प्रेषितानें शिकविलें. शेजारच्या इमारतींतील ख्रिस्ती घरांत काय दुखत आहे हें आपणांस कळेनासें झालें, तर समजावें कीं बधिरता आली आहे. मग देऊळ कितीही सुंदर रंगविलेलें असो.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही तीन लहान गोष्टी सुचवितों. पहिली ही कीं, मृत्यूच्या घरीं सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत माणसांची वर्दळ असते. आपण आठव्या दिवशीं जावें, आणि महिन्यानें पुन्हां जावें. दुसरी ही कीं, जातांना उपदेश नेऊं नये, काम न्यावें. रुग्णाजवळ रात्रभर बसलेल्या सुनेस दोन तास झोपूं द्यावें, औषध आणून द्यावें, मुलांस शाळेंत पोंचवावें. आणि हें होत नसेल तर नुसतें जवळ बसावें. तिसरी गोष्ट जे स्वतः दुःखांत आहेत त्यांच्यासाठीं : मदत नाकारूं नये. आमच्या प्रभूनें किरेनेकर शिमोनास आपल्या क्रूसास हात लावूं दिला. ज्यानें जग उचललें त्यानें दुसऱ्याचा खांदा घेतला. असें असतां आपण ‘कोणाचे उपकार नकोत’ म्हणून दार लावून घेणें, हा धीर नव्हे, अभिमान होय. आणि मदत घेतलेला मनुष्यच पुढें दुसऱ्याच्या दारीं जाऊं शकतो; कारण धीर कसा देतात हें त्यानें घेऊन पाहिलेलें असतें.

शेवटीं आपण क्रूसापाशीं जाऊं. पवित्र मरियेला आपल्या पुत्राचे खिळे काढतां आले नाहींत, त्याची तहान भागवितां आली नाहीं, शिपायांस हटवितां आलें नाहीं. संत योहान एवढेंच सांगतो कीं, ती क्रूसाजवळ उभी होती. दुसरें कांहीं करतां येत नसतांही ती तेथून हलली नाहीं. आणि त्याच घटकेस त्या मरणोन्मुख पुत्रानें तिच्याकडे व आपल्या प्रिय शिष्याकडे पाहिलें, आणि त्यांस एकमेकांच्या हातीं सोंपविलें. स्वतःच्या वेदनेच्या पराकाष्ठेंत तो दुसऱ्यांस धीर देत होता.

बंधुभगिनींनो, या देवळांतील पुढील वर्षांची नोंद कोणत्याही वहींत झाली नाहीं तरी चालेल. परंतु या धर्मग्रामांत ज्याच्यावर दुःख आलें त्याच्याजवळ कोणी तरी उभें होतें, एवढें आपल्या नातवंडांस म्हणतां यावें. दुःखिताला ‘धीर धरा’ असें म्हणण्यापूर्वीं आपल्या हातांत तो आहे कीं नाहीं, हें आपण पाहूं. आणि नसेल तर क्रूसाजवळ जाऊन तो मागून आणूं. तेथें तो कोणालाही नाकारला जात नाहीं.

प्रभु आपणां सर्वांस तो देवो. आमेन.