प्रतीक्षेचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

(जागतिक यकृतदाह दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२८ जुलै हा बरूच ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. हिपॅटायटिस-बीचा विषाणू त्यांच्या संशोधनातून उजेडात आला आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या दिवशी आकडे सांगण्याची प्रथा आहे, आणि आकडे लहान नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख माणसांना हिपॅटायटिस-बीचा आणि सुमारे ५५ लाखांना हिपॅटायटिस-सीचा दीर्घकालीन संसर्ग होता. परंतु आजचा विषय या आकड्यांत अद्याप न आलेला माणूस हा आहे. शरीरसंबंधातून संसर्ग झाला असावा अशी त्याला शंका आहे आणि खात्रीच्या निदानाची तो वाट पाहत आहे.

भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. बायको गावी, येथे बारा तासांची पाळी, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या हिशेबाने. निरोधाविना आलेल्या एका संबंधानंतर त्याच्या मनात भय शिरते. दोन दिवसांनी तो पदरचे पैसे मोडून एखाद्या खाजगी प्रयोगशाळेत रक्त देतो आणि ‘निगेटिव्ह’ असा शेरा असलेला कागद खिशात घालून निश्चिंत होतो.

ही निश्चिंती फसवी आहे. हिपॅटायटिस-बीच्या विषाणूचा जो अंश या चाचणीत शोधला जातो, तो संसर्गानंतर सरासरी चार आठवड्यांनी रक्तात सापडतो. कधी आठवड्यात, तर कधी नऊ आठवड्यांनी. हिपॅटायटिस-सी संभोगातून तुलनेने क्वचितच पसरतो, पण त्याची प्रतिपिंडे दिसण्यास दोन-तीन महिने लागू शकतात. त्याच दिवशी केलेली चाचणी निरुपयोगी नसते. माणूस आधीच बाधित होता काय, वा सुरक्षित होता काय, हे तिच्यावरून कळते. त्या रात्री काय घडले, याचे उत्तर मात्र ती देऊ शकत नाही. अखेरचा निर्वाळा सहा महिन्यांनंतरच्या चाचणीने मिळतो.

म्हणजे प्रतीक्षेचा एक भाग निसर्गाने लादलेला आहे. तो श्रीमंतालाही टळत नाही. परंतु दुसरा भाग समाजाने लादलेला आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नेमका तोच तपासला पाहिजे. वेळ ही सर्वांना समान मिळालेली संपत्ती आहे, असे म्हणतात. वस्तुतः ज्याचा डॉक्टर दूरध्वनीवर सल्ला देतो त्याचा एक दिवस, आणि ज्याला रुग्णालयाच्या रांगेसाठी पाळी बुडवावी लागते त्याचा एक दिवस, यांची किंमत कधीच सारखी नसते.

सर्वांत मोठी विषमता पहिल्या दोन आठवड्यांतली आहे. या काळात नुसते वाट पाहणे हे शहाणपण नव्हे. लस न घेतलेल्या माणसाने हिपॅटायटिस-बीच्या लसीची पहिली मात्रा शक्यतो चोवीस तासांत घेतली, तर संसर्ग टळण्याची शक्यता मोठी असते. डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देता येते. लैंगिक संबंधानंतर त्याची मुदत चौदा दिवसांची. ते इंजेक्शन महाग आहे, लस तशी नाही. भारतीय बनावटीची लस १९९७ पासून बाजारात आहे. परंतु देशभरातील बालकांच्या सरकारी लसीकरणात तिचा समावेश २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने झाला. आज प्रौढ असलेल्या बहुसंख्य श्रमिकांना ती त्या मार्गाने मिळालेलीच नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो चोवीस तासांत लस टोचून घेतो. ज्याला ठाऊक नाही तो डोळे पिवळे होतात का, हे आरशात पाहत बसतो. पुष्कळांचे डोळे पिवळे होतच नाहीत. झालेच, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन गळ्यात माळ घातली जाते आणि प्रौढांतील बहुतेकांचे शरीर आपोआप बरे होते. त्याचे श्रेय माळेला मिळते.

लाजेची किंमतही एकट्याने चुकती होत नाही. रक्तपेढीत दिलेल्या रक्ताची तपासणी विनामूल्य होते, म्हणून कोणी गुपचूप रक्तदान करून आपले निदान करून घेऊ पाहतो. संसर्ग असूनही चाचणीत न सापडण्याच्या त्या आठवड्यांत दिलेले रक्त एखाद्या थॅलेसेमियाग्रस्त मुलाच्या शरीरात जाऊ शकते. निदान होईपर्यंत रक्त न देणे, निरोध वापरणे, वस्तरा व दात घासण्याचा ब्रश वेगळा ठेवणे, एवढे पथ्य पुरेसे असते. एकत्र जेवल्याने किंवा एका खोलीत राहिल्याने हा रोग पसरत नाही.

आणि गावी राहिलेल्या बायकोचे काय? आपल्याला धोका पोहोचला आहे, हेच तिला ठाऊक नसते. नवऱ्याच्या वाट्याला निदान प्रतीक्षा तरी येते. तिला गरोदरपणाच्या तपासणीत एकदम निकालच हाती मिळतो, आणि दोषाचे बोट बहुधा तिच्याकडे वळते. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहूनही कमी लोकांत तो कायमचा राहतो; जन्मतः झालेल्या मुलांत मात्र नव्वदांच्या आसपास. म्हणून बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस मिळणे अगत्याचे असते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढले. लैंगिक प्रश्नांवर उघडपणे लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कामजीवनाची चर्चा दडपली की रोग दडत नाही, ज्ञान तेवढे दडते, हे त्या मासिकाच्या आयुष्याने शिकवले. तो धडा अजून पुरता गिरवला गेलेला नाही.

२०१८ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात चाचण्या व औषधे मोफत आहेत आणि हिपॅटायटिस-सी तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. ही जमेची बाजू मान्य करूनच मागणी केली पाहिजे. प्रौढांसाठी लस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. संध्याकाळी, पाळी सुटल्यावर उघडे राहणारे समुपदेशन केंद्र कामगार वस्तीत असावे. ‘निगेटिव्ह’ कागदाबरोबरच पुढच्या चाचणीची तारीख लिहून दिली जावी. एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचे व नोकरीतील भेदभावाविरुद्ध संरक्षण दिले. तसेच संरक्षण यकृतदाहाच्या रुग्णालाही मिळावे. कामगार संघटनांनी बोनसाच्या मागणीशेजारी या मागण्या लिहिण्यास संकोच करू नये.

निसर्गाने ठरविलेले आठवडे कोणत्याही सरकारला कमी करता येणार नाहीत. परंतु त्या आठवड्यांत माणसाने लस घेऊन, पुढच्या तारखेचा कागद हाती ठेवून, नोकरीची धास्ती न बाळगता वाट पाहावी, की अंधारात एकट्याने, हे ठरविणे समाजाच्या हाती आहे.